आईचं आजारपण संपलं, मुलगी दूर गेली. आता मी कोण?

एका स्त्रीने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला स्मृतिभ्रंश झाला. तिला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली आणि सात वर्षं तेच एक काम केलं. गेल्या वर्षी आई गेली, आणि पाठोपाठ एकुलती एक मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली. वय बावन्न. "सगळे म्हणतात, आता तू मोकळी झालीस, स्वतःसाठी जग. पण सकाळी उठल्यावर काय करायचं तेच सुचत नाही. आई गेली त्या रात्री मला गाढ झोप लागली, रडूही फारसं आलं नाही. त्याची लाज वाटते. मी आता कुणाची मुलगी नाही, रोजची आई नाही, नोकरीही नाही. मग मी उरले कोण?"

मी अनेक वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते आहे. काळजी घेण्याचं काम अचानक संपलेली माणसं माझ्याकडे बरीच येतात. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे जाण्याआधी त्या रात्रीच्या झोपेबद्दल बोलते. ती लाज मनात तशीच राहिली, तर पुढचं काहीच नीट ऐकू येणार नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणारं माणूस रात्रीही अर्धं जागंच असतं. रुग्ण मध्यरात्री उठून दार उघडतो, दिवस की रात्र हे विसरतो, अंधारात घाबरून हाका मारतो. वर्षानुवर्षं एक कान त्या खोलीकडे लावून झोपलेल्या शरीराला ज्या रात्री प्रथमच पहारा सोडता आला, त्या रात्री ते झोपलं. तुमचं प्रेम किती होतं याचा त्या झोपेशी काही संबंध लागत नाही. दीर्घ आजारपणानंतर सुटल्यासारखं वाटणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. लोक ती बोलून दाखवत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटतं की असं फक्त आपल्यालाच झालं.

रडू कमी आलं, त्यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. आपला माणूस आहे की गेला हेच त्या घरांना कळत नव्हतं, त्यामुळे शोक करायला सुरुवातच करता येत नव्हती. पुढे बॉस यांनी याच प्रकारच्या दुःखाची दुसरी बाजू मांडली: माणूस शरीराने समोर बसलेलं आहे, पण ज्याला आपण ओळखत होतो ते मन निघून गेलेलं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या घरांत नेमकं हेच घडतं. आईने पहिल्यांदा तुमचं नाव चुकवलं तेव्हा, तुम्हाला परकी बाई समजून घाबरली तेव्हा, तिच्याशी शेवटच्या सलग गप्पा मारता आल्या तेव्हा, त्या त्या वेळी तुम्ही आईला थोडंथोडं गमावत होतात. त्या दिवसांत तुम्हाला भेटायला कुणी आलं नसेल, कुणी चार शब्द बोललं नसेल, कारण जगाच्या दृष्टीने आई होतीच. तुमचा शोक सात वर्षं चालू होता. जगाने तो शेवटच्या दिवशी मोजायला घेतला, आणि तुम्हीही तोच हिशेब खरा धरलात.

शोकाचे पाच टप्पे असतात असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, आणि आपण त्यातल्या एकाही टप्प्यात बसत नाही म्हणून काळजीत पडला असाल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते टप्पे मांडले ते मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने पार करावेत असा काही नियम निघत नाही. मला जास्त उपयोगी वाटते ती मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९मध्ये मांडलेली मांडणी. त्यांच्या मते शोकातलं माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतं. एक, जे गेलं त्याच्याकडे वळणं: आठवणं, रडणं, फोटो काढून बसणं. दुसरं, बदललेल्या आयुष्याची घडी बसवणं: बँकेची कामं, नवा दिनक्रम, नव्या ओळखी. सकाळी कपाट आवरताना हुंदका आणि दुपारी एखाद्या गोष्टीवर मनापासून हसू, हे एकाच दिवसात होऊ शकतं. दोन्ही खरं असतं. एकाच बाजूला अडकून पडलो तर मात्र त्रास वाढतो.

आता 'मी कोण' या प्रश्नाकडे येते.

तुम्ही तीन गोष्टी गमावल्याचं लिहिलं आहे, आई, मुलीचा सहवास आणि नोकरी. मला तुमच्या पत्रात याहून जास्त शेवट दिसतात, आणि ते वेगवेगळे ओळखणं हेच पहिलं काम आहे. आई गेली, तशीच तुम्हाला लहानपणापासून पाहिलेली साक्षीदारही गेली. तुम्ही पाच वर्षांच्या असताना कशा होतात हे सांगू शकणारं माणूस आता बहुधा उरलेलं नाही. त्याखेरीज घरातला एक हुद्दा गेला. कुठली गोळी कधी, कोणत्या आवाजाने आई शांत होते, डॉक्टरांना काय सांगायचं, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. सात वर्षांत कमावलेली ही विद्या एका दिवसात बिनकामाची झाली. ते कष्टाचं काम होतं, तरी त्यात एक अधिकार होता, आणि अधिकार गेल्याचं दुःख आपण कबूल करत नाही. मुलीच्या जाण्याने दिवसाच्या ठरावीक वेळा गेल्या. आणि नोकरी सात वर्षांपूर्वी गेली तेव्हा तिच्याकडे वळून पाहायला तुम्हाला फुरसतच नव्हती. तो शेवट आत्ता, उशिरा, जाणवतो आहे. माझ्या अनुभवात असे राहून गेलेले जुने शोक नव्या रिकाम्या वेळात हटकून वर येतात. त्यामुळे दुःख घटनेच्या मानाने फार मोठं वाटतं आणि माणूस स्वतःला दुबळं समजू लागतं.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला भार ठरवून दिला होता. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या नातलगाचा ६३, निवृत्ती ४५, मूल घराबाहेर पडणं २९. त्याच यादीत लग्नाला ५० आणि कुटुंबात नवा सदस्य येण्याला ३९ गुण आहेत, म्हणजे चांगला बदलही माणसाला दमवतो हे त्यांनी ओळखलं होतं. पण आजारी माणसाची वर्षानुवर्षं चाललेली शुश्रूषा संपणं ही घटना त्या यादीत नाही. तुमच्यावरचा सगळ्यात मोठा भार मोजलाच गेलेला नाही, आणि तुमच्या आजूबाजूचे लोकही तो मोजत नाहीत.

तुम्ही विचारता, 'उरले कोण?' या प्रश्नात असं गृहीत धरलेलं आहे की मुलगी, आई, नोकरदार ही वरची आवरणं होती आणि ती काढल्यावर आत खरी व्यक्ती सापडायला हवी. मला हे पटत नाही. ओळख माणसांमध्ये तयार होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांचं आयुष्य पाहा. ओळखीचा पेच, म्हणजे 'मी कोण' हेच न उमगणं, ही कल्पना ज्यांनी जगाला दिली, त्यांना आपले जन्मदाते वडील कोण हे कधीच कळलं नाही. १९०२मध्ये जर्मनीत जन्मलेला हा मुलगा सावत्र वडिलांच्या, होम्बुर्गर या आडनावाने वाढला, आणि बरीच वर्षं तेच आपले वडील असं त्याला सांगितलं गेलं होतं. १९३३मध्ये ते युरोप सोडून अमेरिकेत गेले, आणि १९३९मध्ये तिथलं नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव धारण केलं. देश, भाषा, नाव, सगळं बदललं. त्यांनी पुढे जे मांडलं त्यात ओळख कायम दोन टोकांना धरलेली असते: मी स्वतःला कसं पाहतो आणि माझी माणसं मला कसं ओळखतात. दुसरं टोक सुटलं की पहिलं लोंबकळतं. तुमचं नेमकं हेच झालं आहे.

याच एरिक्सन यांनी मध्यमवयाचं मुख्य काम सांगितलं ते कुणाची तरी, कशाची तरी जोपासना करण्याचं. तुम्ही ते एकाच वेळी वरच्या आणि खालच्या पिढीसाठी केलंत. त्यामुळे आता जी पोकळी जाणवते ती आळसाची किंवा करमणूक नसल्याची नाही, आणि म्हणूनच 'छंद जोपास, फिरायला जा' हे सल्ले तुम्हाला पोकळ वाटत असतील. तुमची जोपासण्याची ताकद शाबूत आहे, तिला पत्ता उरलेला नाही.

इथे माझं एक ठाम मत सांगते. पुढच्या काही महिन्यांत कुणीतरी तुमच्यावर नवं माणूस सोपवू पाहील. नात्यातलं कुणी आजारी पडेल, कुणाच्या घरी लहान मूल असेल, आणि सगळ्यांची नजर तुमच्याकडे वळेल: हिला सवय आहे, वेळही आहे. तुम्हालाही हो म्हणावंसं वाटेल, कारण हो म्हटलं की 'मी कोण'चं उत्तर ताबडतोब मिळतं. कृपा करून सध्या थांबा. चार तास मदत करा, पूर्ण जबाबदारी घेऊ नका. याच कारणासाठी घर विकणं, गाव बदलणं, मुलीच्या शहरात जाऊन राहणं असे मोठे निर्णयही, परिस्थितीने भाग पाडलं नाही तर, लांबवा.

मधला हा काळ कसा काढायचा? आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९मध्ये निरनिराळ्या समाजांतल्या संस्कारविधींचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांना सगळीकडे तीन भाग दिसले: जुन्या स्थानापासून वेगळं होणं, मधली उंबरठ्यावरची अवस्था, आणि नव्या स्थानी सामावलं जाणं. मधल्या अवस्थेत माणूस धड इथलं नसतं, धड तिथलं नसतं. विधींमध्ये मात्र त्या वेळी आजूबाजूला माणसं असतात, काय करायचं ते ठरलेलं असतं, आणि ती अवस्था कधी संपणार हेही माहीत असतं. तुमच्या उंबरठ्याला यातलं काहीच नाही. शुश्रूषा करणारीच्या पदावरून उतरण्याचा कुठला विधी नसतो. म्हणून थोडी चौकट तुम्हालाच उभी करावी लागेल. सबंध दिवसाचं वेळापत्रक करू नका, ते तिसऱ्या दिवशी मोडतं आणि वर अपराधी वाटतं. दिवसात एकच वेळ पक्की करा, शक्यतो जी वेळ सर्वांत जड जाते तीच. आईच्या औषधाची सकाळची वेळ असेल तर त्या वेळी घराबाहेर पडा आणि रोज त्याच माणसांना भेटाल अशा ठिकाणी जा. वाचनालय, पोहण्याचा तलाव, एखादा वर्ग, काहीही चालेल. तिथे तुम्हाला आजारपणाआधीचं कुणी ओळखत नसेल तर उत्तमच. नवी माणसं तुम्हाला काय म्हणून ओळखू लागतात हे हळूहळू दिसेल, आणि ओळखीचं ते सुटलेलं दुसरं टोक पुन्हा कुणाच्या तरी हाती लागेल.

घरातल्यांबद्दल जरा विस्ताराने लिहिते. तुमच्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख नाही, आणि भावंडं आहेत की नाहीत हेही कळत नाही. नवरा सोबत आहे असं धरून आधी त्याच्याबद्दल लिहिते.

मरे बोवेन हे कुटुंबाला एक सलग व्यवस्था म्हणून पाहणारे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांचं एक निरीक्षण असं की घरातलं एक माणूस बदललं की बाकीचे नकळत त्याला जुन्या जागी ढकलतात. सात वर्षं तुमचं घर आईच्या आजारपणाभोवती बसलं होतं. नवरा-बायकोचं बोलणं बहुधा 'आज कोण थांबणार', 'गोळ्या संपल्या', 'रात्री उठली होती का' एवढ्यावर आलं असेल. आता ते विषय नाहीत, आणि दोघांनाही दुसरे विषय आठवत नाहीत. नवरा कामात बुडालेला दिसत असेल, तर तोही याच पोकळीपासून पळत असण्याची शक्यता आहे. त्याला 'आपल्यात काही उरलं नाही' असं म्हणू नका, तो बचावाच्या पवित्र्यात जाईल. असं विचारून पाहा: "आईच्या आजारपणात तुला सगळ्यात अवघड काय गेलं? मी कधी विचारलंच नाही." उत्तर यायला दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. तुम्ही केलेली शुश्रूषा त्यानेही जवळून पाहिली आहे, म्हणजे त्या वर्षांचा साक्षीदार घरातच आहे.

मुलीच्या बाबतीत वेगळी काळजी घ्या. तिने आजी गमावली, घर सोडलं, आणि आई घरी एकटी आहे ही टोचणी सोबत घेऊन गेली. तिचा फोन आला की तुम्ही 'मी मजेत आहे' म्हणत असाल, तर तिला ते खोटं ऐकू येतं. 'मला एकटीला करमतच नाही' म्हणालात, तर ती अभ्यास सोडून तुमची शुश्रूषा करू लागेल, आणि तुम्ही जी भूमिका पार पाडलीत तीच पुढच्या पिढीकडे जाईल. मधलं, खरं वाक्य असं काहीसं असेल: "मला जड जातंय, मी त्याकडे लक्ष देतेय, आणि ते माझं काम आहे, तुझं नाही." एवढं स्पष्ट ऐकलं की मुलं निर्धास्त होतात.

तिला आजीच्या गोष्टीही सांगा. तिच्या आठवणीतली आजी बहुतेक आजारीच असेल. मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुलांना आपल्या कुटुंबाचा इतिहास किती ठाऊक आहे हे पाहायला वीस प्रश्न तयार केले होते: आईबाबा कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरात काय काय वाईट घडलं, वगैरे. ज्यांना जास्त उत्तरं येत होती त्या मुलांचा आत्मविश्वास आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावना जास्त दिसली. गोष्टी पाठ केल्याने हे होतं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात अशा गोष्टी बोलल्या जातात तिथे माणसं एकत्र बसतात, ऐकतात, त्याचाच हा परिणाम असावा. फक्त गोड गोष्टी सांगू नका. आजी हट्टी होती तेही सांगा, आणि कसं निभावलं तेही.

या कामाचा फायदा तुम्हालाही आहे. शेवटची वर्षं आठवणींत एवढी जागा व्यापतात की त्याआधीची आई झाकली जाते. तिच्या मैत्रिणी, सहकारी, शेजारी, जे कुणी हयात असतील त्यांना फोन करा आणि तिच्या पंचविशीबद्दल विचारा. गेलेल्या माणसाशी नातं तोडूनच पुढे जाता येतं असं पूर्वी मानलं जाई. १९९६च्या सुमारास डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी ती समजूत खोडून काढली: नातं वेगळ्या रूपात चालू राहतं, आणि ते चालू राहणं निरोगी असू शकतं. 'मी आता कुणाची मुलगी नाही' हे तुमचं वाक्य त्यामुळे मी मान्य करत नाही.

भावंडं असतील, तर एक नाजूक गोष्ट. एकटीने सगळं केलं, बाकीच्यांनी फोनवर चौकशा केल्या, असं झालं असेल तर राग असणारच, आणि आई जिवंत असताना तो काढायला सवड नव्हती. तो राग आता मालमत्तेच्या, सामानाच्या वाटणीत भलत्याच रूपात निघतो. भांड्यांवरून भांडणं होतात. वाटणीच्या आधी तो स्वतंत्रपणे बोला, आणि समोरच्याने काय करावं हे नेमकं सांगा. 'तुम्हाला कदर नाही' याला उत्तर नसतं. 'त्या वर्षांत मी एकटी होते हे तू एकदा सगळ्यांसमोर म्हण' याला असू शकतं.

लिहून काढायचं असेल तर जरूर लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लोकांनी आपले कठीण अनुभव सलग चार दिवस, रोज साधारण पंधरा मिनिटं लिहिले, आणि त्यानंतरच्या काळात त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्याचं आढळलं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम लहान असल्याचं दिसलं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. लिहिताना अधिकच कोसळल्यासारखं वाटलं तर थांबा.

आता शरीर. काळजी घेणारी माणसं स्वतःच्या तपासण्या वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. तुमच्या वयात रजोनिवृत्तीचे बदलही चालू असतात. सकाळी न सुचणं, थकवा, उदासी यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा रक्तातली साखर यांचाही हात असू शकतो. म्हणून आधी साध्या तपासण्या करून घ्या. दिवसचे दिवस कशातच रस वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडून दोन आठवडे होऊन गेले असतील, आपण निरुपयोगी आहोत हे एकच वाक्य डोक्यात फिरत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यावर चांगले उपचार आहेत. मृत्यूनंतर सहा महिने ते वर्ष उलटूनही आईची ओढ रोज तितकीच तीव्र असेल आणि त्यापुढे रोजचं जगणं अडत असेल, तर त्या दीर्घ शोकाला आता वैद्यकीय वर्गीकरणात वेगळं स्थान आहे आणि त्यासाठी स्वतंत्र समुपदेशन असतं. जगण्यात अर्थ नाही, जीव द्यावा, असा विचार एकदा जरी आला तरी वाट पाहू नका, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

राहिला लोकांचा प्रश्न, 'सध्या काय करता?' तुम्ही तो टाळत असाल असं मला वाटतं. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा, म्हणजे प्रत्येक भेटीत पोटात गोळा येणार नाही. "सात वर्षं आईची शुश्रूषा केली. ती गेल्या वर्षी गेली. पुढे काय करायचं ते मी आता पाहते आहे." यात माफी मागण्यासारखं काही नाही, लपवण्यासारखंही नाही. नोकरीसाठी अर्ज कराल तेव्हा त्या सात वर्षांची जागा कोरी सोडू नका. औषधांच्या नोंदी, डॉक्टर-रुग्णालय-विमा यांच्याशी केलेला पाठपुरावा, मदतनिसांचं नियोजन, खर्चाचा हिशेब, हे सगळं त्यात साध्या शब्दांत लिहा. आणि अर्ज पाठवण्याआधी तुमच्या जुन्या कामातल्या एखाद्या सहकाऱ्याला तो वाचायला द्या.